कोरड्या उदकाचं घर

आधीच सांगतो, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. आठवीत शाळा सुटली, त्यानंतर हातात पेन कमी आणि जीपचं स्टिअरिंग जास्त. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर माफ करा. शब्दही साधेच आहेत, तेही चालवून घ्या. आमच्या गावच्या बाबू गुरवनानांनी जसं सांगितलं तसं लिहितो आहे.

निमखडी गावाच्या वर, माळाच्या तोंडाशी एक दगडी घर आहे. काळा दगड, दोन हात रुंद भिंती, आणि सांध्यात चुना नाही. दगडाला दगड असा बसवला आहे की मधून पोस्टकार्ड सरकत नाही. घर मजबूत आहे, पण त्यात कुणी राहत नाही. आत पाण्याचं भांडं कुणी ठेवत नाही. पत्रे बदलायला माणसं येतात, तीसुद्धा तहान लागली की उंबरा ओलांडून बाहेर येतात आणि अंगणात पाणी पितात. आतल्या फरशीवर चार खळगे आहेत, बोटभर खोल. ते कुणी पाडले हे फरशी बघून कळत नाही.

गेल्या रविवारी पुण्याचे दातार साहेब आणि त्यांच्या मॅडम हे घर बघायला आले. त्यांना इथं पाहुण्यांसाठी हॉटेल काढायचं आहे. घर विकणारे साहेबही सोबत होते, त्यांना मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं. मी त्यांना स्टँडवरून जीपनं वर आणलं. गुरवनाना अंगणातल्या दगडावर बसले होते. मॅडमनी त्यांना विचारलं, "आजोबा, या घराचे मूळ मालक कोण हो?"

नाना म्हणाले, "कागदावरचा इचारताय का खरा?"

"दोन्ही सांगा की."

"कागदावर नऊ झालं. खरा एकच. बसा."

मग नानांनी जे सांगितलं ते असं.

फार मागची गोष्ट. निमखडी तेव्हा जिवाजीराव इनामदारांकडे होती. त्यांनी माळावर हे घर बांधायला काढलं आणि त्यासाठी तीस पाथरवट आणले. त्यांत सटवा होता आणि त्याची बायको गोजरा होती. सटवा खाणीतून दगड फोडायचा. गोजरा टाकी-हातोडा घेऊन तो घडवायची. तिला अशी पारख होती म्हणे, की दगडावर टाकी पडली की नुसत्या आवाजावरून ती सांगायची, हा भिंतीला टिकेल, हा पायरीला टाक. आणि त्यांचं एक गाढव होतं, भुऱ्या. खाणीतून माळापर्यंतचा सगळा दगड त्याच्या पाठीवरून आला.

त्या वर्षी पाऊस पडला नाही. पुढच्या वर्षी पडला नाही. तिसऱ्या वर्षी शिमग्याला पाथरवटांनी पालं मोडली आणि ते पाण्याच्या मुलखात निघून गेले. घर छातीइतकं आलं होतं. गोजरा आणि सटवाही सामान बांधत होते. तेव्हा जिवाजीराव स्वतः त्यांच्या पालाशी आले. सत्तरीचा माणूस, डोक्याला पागोटं नाही, पायात जोडा नाही.

"तुम्ही तरी जाऊ नका," ते म्हणाले. "मला मूल न्हाय, बाळ न्हाय. ज्या हातांनी हे घर पुरं होईल, त्या हातांचं हे घर. माझं डोळं मिटेस्तवर मला एक खोली द्या. बस."

सटवा खाली बघत म्हणाला, "मालक, गरिबाची चेष्टा करताय व्हय?"

गोजरेनं गाठोडं खाली ठेवलं. "चेष्टा असंल तर आत्ताच सांगा, आमची वाट लांबची हाय. आन् नसंल, तर हे पाच पंचांम्होरं बोला."

दुसऱ्या दिवशी पारावर पंच बसले आणि जिवाजीराव तेच बोलले. पाटील होते, कुलकर्णी होते, चौगुला, शेटे आणि गुरव होते. पाचांनीही माना हलवल्या.

मग चौदा महिने ती दोन माणसं आणि एक गाढव ते घर बांधत होती. पाणी तीन कोसांवरून यायचं. गोजरेच्या डाव्या हाताचं बोट दगडाखाली चिरडलं, तिनं त्यावर चिंधी बांधली आणि संध्याकाळपर्यंत टाकी चालवली. सटवा म्हणायचा, "एवढं मरमर कशाला? घर कुठं पळून चाललंय?" ती म्हणायची, "आयुष्यभर दुसऱ्याच्या भिंती उभ्या केल्या. पावसात आपुन पालात. एकदा तरी माझ्या हातच्या भिंतीला पाठ टेकून बसायचंय मला." तिला बाकी काही नको होतं. सोनंनाणं नको होतं, मान नको होता. पाठ टेकायला एक भिंत हवी होती.

आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी घर पुरं झालं. दारावरची गणेशपट्टी त्याच सकाळी भुऱ्यानं वर ओढून आणली. ऊन असं होतं की दगडाला हात लावला तर कातडी चिकटावी. सगळं गाव अंगणात जमलं. पंच सावलीला बसले.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. घर, जमीन कुणाला दान द्यायची तर नुसतं बोलून भागत नाही. देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या ओंजळीत पाणी सोडायचं. त्याला उदक सोडणं म्हणतात. पाणी एकदा हातावर पडलं की दिलेलं परत घेता येत नाही.

त्या दिवशी सगळ्या माळावर मिळून एक तांब्या पाणी होतं. जिवाजीरावांनी तो उचलला. गोजरेनं ओंजळ पुढं केली. तेवढ्यात धप्प असा आवाज झाला. भुऱ्या अंगणात कोसळला होता. जीभ बाहेर आली होती, पोट भात्यासारखं हलत होतं. जमलेल्या माणसांतलं कुणी तिकडं बघेना. गोजरेनं बघितलं.

"मालक, थांबा," ती म्हणाली. "तेवढं पाणी त्याला द्या."

"अगं, उदक हाय हे!"

"तुमचा शब्द पुरे मला. तो मरंल."

जिवाजीराव खरंच मोठे होते. ते वाकले, गुडघ्यावर बसले आणि तांब्या गाढवाच्या तोंडाला लावला. पाणी संपलं. भुऱ्यानं मान उचलली. मग त्यांनी तुळशीचं पान गोजरेच्या कोरड्या ओंजळीत ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "घर तुझं." शेट्यांनी डोळे पुसले म्हणे. कुलकर्णी म्हणाले, "असं दान पाहिलं नव्हतं."

इथवर सांगून नाना थांबले. काठी त्यांनी दोनदा जमिनीवर आपटली. म्हणाले, "लक्षात ठेवा, पाचांनी ऐकलं होतं."

आठ महिने गोजरा त्या घरात राहिली. रोज संध्याकाळी ती भिंतीला पाठ टेकून बसायची. जिवाजीराव शेजारच्या खोलीत असायचे. मार्गशीर्षात त्यांनी डोळे मिटले. तेराव्याला त्यांचा पुतण्या हैबतराव आला, बरोबर वीस स्वार घेऊन. त्यानं घर आतून-बाहेरून पाहिलं, भिंतीवर थाप मारली आणि पंचांना पारावर बोलावलं.

"ह्या बाईच्या हातावर उदक पडलं का?" त्यानं विचारलं.

पाटील म्हणाले, "न्हाय पडलं."

कुलकर्णी म्हणाले, "नाही."

चौगुला, शेटे, गुरव, तिघंही तेच म्हणाले. यातलं एकही उत्तर खोटं नव्हतं. मला ह्या जागी सगळ्यांत जास्त राग येतो. खोटं बोलले असते तर निदान पाप तरी समजलं असतं. त्यांनी खरं तेवढं निवडून सांगितलं आणि एका बाईचं घर घालवलं.

गोजरा पुढं आली. "शब्द ऐकला का न्हाय, त्ये इचारा त्यांना."

हैबतराव हसला. "शब्द वाऱ्यावर जातो, बाई. मी पाण्याचं विचारतोय. कुलकर्णी, त्या दिवशी पाणी मिळालं कुणाला?"

"गाढवाला, सरकार."

"मग झालं तर! घर गाढवाचं!"

पार हसला. आधी स्वार हसले, मग पाटील हसले, मग सगळं गाव. पाच पंचांत गुरव सगळ्यांत जास्त हसला. हसता हसता त्याचं पागोटं मांडीवर पडलं. "तो आमचाच," नाना म्हणाले, आणि काठीनं माझ्याकडं दाखवलं. "आन् चौगुला ह्याचा." मी खाली बघितलं. आमचं आडनाव चौगुले आहे.

गोजरेनं सगळ्यांना हसून घेऊ दिलं. ती रडली नाही. आवाज तिनं खाली ठेवला. पंचांसमोर उभी राहून तिनं एकेकाकडं बघत विचारलं, "पंच म्हणत्यात का, घर गाढवाचं?"

"म्हणतो, म्हणतो!" शेटे पोट धरून म्हणाले.

"पाटील?"

"व्हय गं बाई, गाढवाचंच!"

पाचांनीही म्हटलं. गोजरेनं पाराला हात लावून नमस्कार केला. पारावर पंचांच्या तोंडून जे निघतं ते परत घेता येत नाही, ही गावाची रीत. ती तिला माहीत होती. ती तिथून सरळ गेली, भुऱ्याचं दावं सोडलं, त्याला पुढच्या दारानं घरात नेलं, मधल्या खोलीत उभं केलं आणि दारात येऊन ओरडून म्हणाली, "मालक घरात हाय! ज्याला घराचं बोलायचं हाय, त्यानं मालकाशी बोलावं!"

पारावरचं हसू विरलं. कुलकर्ण्यांनी पाटलांकडं बघितलं. आता शब्द परत घ्यायचा तर पारावर येऊन, देवापुढं, आम्ही चुकलो म्हणावं लागणार होतं. ते एकालाही नको होतं.

हैबतराव तेवढ्यानं गप्प बसणारा नव्हता. तो म्हणाला, "बरं तर. मालकानं मालकाच्या घरात राहावं. पण गावाचं पाणी गावाच्या माणसांसाठी हाय." त्यानं दाराशी शिळा लावायला लावली. भुऱ्या आत कोंडला गेला. बाहेर चार भालेवाले बसवले आणि दवंडी पिटली, की जो कुणी आत पाणी देईल त्याचा हात तोडला जाईल.

सटवा गाठोडं घेऊन आला. "चल गोजरे. जीव वाचव. दुसऱ्या गावाला दुसरं घर बांधू. आपल्याला काय, दगडच दगड."

"त्यो आत हाय," ती म्हणाली.

"गाढव हाय त्ये!"

"व्हय. आन् पाच माणसांनी सांगितलंय, त्योच मालक हाय. माणसं माणसावानी वागली असती तर मी गाढवापाशी कशाला गेले असते? तू जा. मी हितंच हाय."

सटवा गेला नाही. तोही बसला, पण लांब, पाठ करून. त्याला तिचा राग येत होता, आणि आपल्याला तिच्याइतका राग येत नाही याची लाजही वाटत होती.

तीन दिवस आतून आवाज येत होता. खूर फरशीवर घासल्याचा आवाज. खर्र, खर्र. गोजरेनं कान दगडाला लावला होता. कुठला दगड आहे, हे तिला ऐकूनच कळत होतं. मधल्या खोलीतला, तिनं स्वतः घडवलेला. दुसऱ्या दिवशी ती उठली आणि पाचही पंचांच्या दारी गेली. पाचही दारांत एकच बोलली, "तांब्याभर पाणी द्या. आत मालक तहानलाय." पाटलांनी दार लावून घेतलं. कुलकर्ण्यांनी आतून निरोप पाठवला की घरी नाहीत. शेटे म्हणाले, "बाई, माझ्या पोटावर कशाला उठतेस?" चौगुल्यानं पाठ फिरवली. गुरवाकडं तर देवाच्या अभिषेकाची घागर भरून ठेवलेली होती. त्यानं तिच्यावर फडकं टाकलं.

नाना म्हणाले, "एक जरी दार उघडलं असतं, तर आज ही गोष्ट सांगायची पाळी नसती."

चौथ्या दिवशी आवाज थांबला. हैबतरावानं सगळ्या गावाला बोलावलं, पंचांना पुढं उभं केलं आणि शिळा काढायला लावली. त्याला दाखवायचं होतं, मालक मेला, आता वारस मी.

आत गाढव नव्हतं. जिवंत नव्हतं, मेलेलंही नव्हतं. भिंती सगळ्या जागच्या जागी होत्या. फरशीवर फक्त चार खळगे होते, खुरांच्या आकाराचे, बोटभर खोल. आणि असं सांगतात, की चारही खळग्यांत पाणी उभं होतं.

भालेवाले मागं सरले. गोजरा आत गेली. ती वाकली. चारही खळग्यांतलं पाणी तिनं उजव्या हाताच्या पशात जमवलं, दारात येऊन उभी राहिली आणि पाचही पंचांच्या डोळ्यांदेखत ते डाव्या हातावर सोडलं. चिरडलेल्या बोटावरून पाणी खाली उंबऱ्यावर पडलं.

"बघितलं?" ती म्हणाली. "मालकानं दिलेलं पाणी हाय हे. पडलं का उदक?"

पंच एकमेकांकडं बघायला लागले.

"आता तरी बोला! पडलं का?"

"पडलं," पाटील म्हणाले.

"मग घर माझं झालं. आन् माझ्या घरात मी आता कुणालाच राहू देणार न्हाय. पाणी मागितलं तर तुम्ही दिलं न्हाय. आता हितं पाणी ठरणार न्हाय. हैबतराव, तुझ्यापाशी न्हाय, तुझ्यामागनं जो येईल त्याच्यापाशी न्हाय."

गोजरेनं टाकी-हातोडा उचलला. सटवानं गाठोडं उचललं. गावानं वाट दिली. त्या दोघांनी मागं वळून पाहिलं नाही. ती कुठल्या गावाला गेली, तिला पुढं भिंत मिळाली का, हे कुणालाच ठाऊक नाही. आम्ही ते कधी विचारलंही नाही.

हैबतराव त्या घरात एक उन्हाळा राहिला. संध्याकाळी रांजण भरायचा, सकाळी कोरडा. रांजण फुटका नसायचा, जमीन ओली नसायची. त्यानं घर एका सरदाराला देऊन टाकलं, सरदारानं व्यापाऱ्याला. पुढं गोऱ्या साहेबाची छावणी पडली, ती पंधरा दिवसांत उठली. मग शाळा भरली, मुलं तहानेनं घरी पळायला लागली. मग गोदाम झालं, मग वारसांची वाटणी. कागदावर एकामागून एक नावं चढत गेली. गोजरेचं नाव एकदाही चढलं नाही.

आणि पाच पंचांच्या घरीही तेच झालं म्हणे. सगळीकडं पाऊस पडला, पण त्या पाच घरांच्या घागरी सकाळी रिकाम्या. शेवटी पाचही जण पारावर आले आणि त्यांनी नवस बोलला. तेव्हा कुठं त्यांच्या घरात पाणी ठरलं.

त्या नवसापायी आजही निमखडीत कुठलंही घर विकलं गेलं, की नव्या मालकानं आधी गाढवाला ओंजळीनं पाणी पाजायचं, मगच उंबरा ओलांडायचा. ते पाणी त्या पाच घरांतल्या माणसांनी अनवाणी जाऊन आणायचं. गावात आता गाढव नाही, वीटभट्टीवरून आणतात. पोरं मोबाईलवर शूटिंग करतात आणि खिदळतात. नाना त्यांना म्हणतात, "हसू नका. आमचे हसले तेवढं पुरे झालं."

नानांचं सांगून झालं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मॅडम म्हणाल्या, "किती सुंदर स्टोरी आहे! आपण ही मेनूकार्डाच्या मागं छापू." दातार साहेब म्हणाले, "नावच ठेवू की, गाढवाचं घर. लोक हसतील, लक्षात राहील." ते हसले. विकणारे साहेब हसले. पाहुण्यांच्या भिडेनं मीही थोडा हसलो. नाना हसले नाहीत. त्यांनी फक्त माझ्याकडं बघितलं.

जीपपाशी आल्यावर विकणाऱ्या साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "उद्या दहा वाजता रजिस्ट्रेशनला आम्हाला घेऊन चल. आणि ओळख द्यायला एक माणूस कमी आहे. तू सही कर. मला ओळखतोस एवढंच म्हणायचं." मी हो म्हणालो. मला नाही म्हणता येत नाही, लहानपणापासूनच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला आणि त्यांना तालुक्याला घेऊन गेलो. टेबलाभोवती गर्दी होती. कारकुनानं कागद माझ्यापुढं सरकवला, सहीची जागा बोटानं दाखवली आणि विकणाऱ्या साहेबांकडं मान करून विचारलं, "यांना ओळखता?"

"चांगलाच ओळखतो," साहेबच म्हणाले. "घरचाच पोरगा आहे."

"तुम्हाला नाही विचारलं," म्हणत कारकून माझ्याकडं वळला. "किती वर्षांपासून ओळखता?"

सगळे माझ्याकडं बघत होते. साहेबांनी टेबलाखालून माझा पाय दाबला.

"कालपासून," मी म्हणालो.

कारकुनानं कागद परत ओढला आणि पेनाला टोपण लावलं.